हाताची घडी

चारुदत्त गोवंडेचे हात फार सुंदर होते, आणि त्याचं कारण एवढंच की ते कधी वापरलेले नव्हते. पुण्यात आई होती, मग हॉस्टेलची मेस होती, मग सुहासिनी होती. चव्वेचाळीस वर्षांत त्या हातांनी मुख्यतः दोनच कामं केली: कॉम्प्युटरचा कीबोर्ड बडवणं आणि दुसऱ्यांच्या मराठीतल्या चुकांखाली पेन्सिलीने रेघ मारणं. सिडनीत पेंडल हिलच्या त्यांच्या विटांच्या घरात चहासुद्धा सुहासिनीच करायची. ती हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती, सकाळी सातला निघायची आणि जाताना थर्मास भरून ठेवायची. हा थर्मासचं झाकण उघडायचा आणि हल्ली घर मीच सांभाळतो असं लोकांना सांगायचा.

घर सांभाळायची पाळी आली ती चौऱ्याण्णव साली. ज्या विमा कंपनीत तो मेनफ्रेमवर प्रोग्रॅम लिहायचा तिने एक दिवस दीडशे लोकांना हॉलमध्ये बोलावलं, सँडविच दिली आणि घरी पाठवलं. चारुदत्तने जगाला कळवलं की नोकरी आपण सोडली, भाषेच्या ओढीने. आठ वर्षांच्या ईशानीला त्याने मांडीवर घेऊन सांगितलं, की बाबाचं ऑफिस भुर्र गेलं. त्याच दुपारी तो तासभर गराजमध्ये खोकी लावत बसला होता, असं त्याने सुहासिनीला सांगितलं. खोकी होती तिथेच होती, सुहासिनीने ती पाहिली आणि थर्मास धुवायला घेतला.

भाषेची ओढ मात्र खोटी नव्हती. बायकोच्या पगारावर आणि एका तुटपुंज्या स्कॉलरशिपवर तो युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्राच्या पीएचडीला लागला. डॉ. हार्टिगन नावाच्या बाई त्याच्या मार्गदर्शक होत्या. त्यांनी त्याला विषय दिला नुकुवेही भाषा. नुकुवेहा हे बेट नकाशात शोधायला जाऊ नका, छापणाऱ्याला तो शाईचा ठिपका वाटतो आणि तो पुसून टाकतो. समुद्रात वाळूचं एक कडं, कड्याच्या आत खारं तळं, कड्यावर नारळ आणि सातशे माणसं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला एक तास, वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर दोन, आणि तिथे सगळेच ओळखीचे. त्यांच्या भाषेवर तोवर फक्त एका मिशनऱ्याने चाळीस शब्दांची यादी केली होती, त्यातले एकोणीस मासे होते.

सिडनीत नुकुवेहाची साठेक माणसं होती. त्यांत सगळ्यांत वडील मेलेवा. वय शहात्तर, मुक्काम तुंगाबीला मुलाकडे. मुलाचं नाव सोलो, तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. म्हातारी मोतीबिंदूसाठी आली होती आणि दोन्ही डोळे होईपर्यंत राहिली. भाषा शिकवायला ती एका पायावर तयार झाली. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दहाला.

पहिल्या दिवशी चारुदत्त इस्त्रीचा शर्ट घालून गेला. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, खुर्चीत ताठ बसला आणि हाताची घडी घातली. पुण्याच्या शाळेत त्याच्यावर जे संस्कार झाले त्यांत हा सगळ्यांत खोल होता. हाताची घडी, तोंडावर बोट. गुरूसमोर असंच बसायचं. बोट त्याने सोडलं, कारण प्रश्न विचारायचे होते.

मेलेवाने त्या घडीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. ती सावकाश, गोड आवाजात, एकेक शब्द दोनदोनदा म्हणत बोलायला लागली. समोरच्या केळ्याचे तिने छोटे तुकडे केले आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. चहा फुंकून दिला. निघताना तिने पदराच्या टोकाने, म्हणजे कमरेच्या फडक्याच्या टोकाने, त्याचं तोंड पुसलं आणि हातावर एक गोड गोळी ठेवली. चारुदत्तने घरी येऊन नोंद केली: ‘विद्वान पाहुण्याचे मुख पुसण्याचा सन्मानविधी.’

चौदा महिने हे चाललं. वह्या भरल्या, एकशे बारा कॅसेटी भरल्या, आणि चारुदत्तला शोध लागला. नुकुवेही ही जगातली सर्वांत साधी भाषा होती. वाक्य तीन शब्दांच्या वर जात नव्हतं. निम्मे शब्द जोडीने यायचे. मालकी दाखवायला काही नाही, भूतकाळ जवळजवळ नाही, शंका आणि टोमणा यांना तर जागाच नाही. ज्या भाषेत टोमणा नाही तिथे माणसं राहतात कशी, हा प्रश्न एका पुणेकराला पडायला हवा होता. पण शोध लागला की माणूस प्रश्न विचारायचं सोडतो. त्याने एकशे चाळीस पानांचा मसुदा लिहिला आणि मनातल्या मनात त्याला गोवंडे सिद्धांत असं नाव दिलं. डॉ. हार्टिगन बाईंना शेजारच्या बेटांच्या भाषा ठाऊक होत्या, त्या इतक्या सरळ नव्हत्या. त्यांनी भुवया वर केल्या, पण टेपा ऐकल्यावर त्याही हरखल्या.

आता अडचण तारखांची होती. अठ्ठावीस नोव्हेंबरला, सत्त्याण्णव साली, चारुदत्तला समितीपुढे उभं राहून हे सगळं सांगायचं होतं. समितीने मान हलवली तर पीएचडी पुढे, नाही तर स्कॉलरशिप बंद. दोनदा ती तारीख पुढे ढकलली होती, तिसऱ्यांदा ढकलता येत नव्हती. आणि नऊ डिसेंबरला मेलेवा बेटावर परत जाणार होती. तिथे महिन्यातून एकदा बोट जाते, आणि शहात्तरीची बाई दुसऱ्यांदा सिडनीला येत नाही. चारुदत्तला एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं, की या माणसाला काहीतरी येतं. सँडविच खाऊन घरी आल्यापासून हे त्याच्या छातीत होतं, आणि ते त्याने थर्मासलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

ऑक्टोबरात एका शनिवारी बेटाच्या लोकांचा वार्षिक मेळावा होता, चर्चमागच्या हॉलमध्ये. चारुदत्तला सहकुटुंब बोलावणं आलं आणि चार शब्द बोलायची विनंतीही. आठवडाभर त्याने भाषण घोटलं. सुहासिनीसमोर तीन वेळा म्हणून दाखवलं. तिला एक अक्षर कळलं नाही, पण इतका गंभीर चेहरा तिने लग्नाच्या वेळीही पाहिला नव्हता. त्याला म्हणायचं होतं, की सन्माननीय ज्येष्ठहो, मी दूरच्या देशातून आलो, आपल्या भाषेने मला आपलंसं केलं, मेलेवाबाईंच्या आतिथ्याचा मी ऋणी आहे, आपला निरोप घेतो. तो जे म्हणाला त्याचं मराठी, नंतर सोलोने समजावलं त्याप्रमाणे, असं होतं:

“मोठ्ठे मोठ्ठे काका. मोठ्ठ्या मोठ्ठ्या काकू. चारू आला आला. चारू भुर्र भुर्र लांबून आला. तुमचं गोग्गोड बोलणं चारूला हवं हवं. आजी छान छान. आजीने मंमं दिलं. चारूची ढेरी गोल गोल. आता चारू जाई जाई. सगळ्यांना पापा.”

दुसऱ्या वाक्याला हॉलमध्ये कुजबुज झाली. चौथ्याला मागची एक बाई खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. ढेरीपाशी सगळा हॉल कोसळला. साठ माणसं डोळे पुसत होती. चारुदत्तला वाटलं, भाषण काळजाला भिडलं. तो खाली उतरला तेव्हा ताडमाड उंचीच्या एका म्हाताऱ्याने त्याचा गालगुच्चा घेतला आणि त्याच्या बशीत स्वतःच्या हाताने मासा बारीक करून वाढला, काटे काढून. ईशानी एवढा वेळ बापाकडे बघत होती. ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “Baba, I don't think it's that kind of laughing.”

बाहेर बार्बेक्यूपाशी सोलोने त्याला गाठलं. सोलो भला माणूस, त्याला आधीपासूनच ओशाळवाणं झालं होतं. तो बराच वेळ चिमट्याने सॉसेज उलटत राहिला.

“मेट,” तो शेवटी म्हणाला, “तू माझ्या नातवासारखा बोलतोस. तो तीन वर्षांचा आहे.”

मग त्याने रीत सांगितली. नुकुवेहात बोलणं दोन तऱ्हेचं. एक लहानग्यांशी, एक मोठ्यांशी. लहान कोण आणि मोठं कोण हे वयावर नाही, हातांवर. दोन माणसं बोलायला बसली की त्यांच्या हातांत काम असतं. कोणी चटई विणतं, कोणी मासा साफ करतं, कोणी नारळाच्या काथ्याचा सुंभ वळतं. हात चालू असले की कान मोठ्यांचे. हात मांडीवर किंवा छातीशी ठेवून जो नुसता ऐकतो तो अजून लहान आहे, त्याला लहानांची भाषा द्यायची, मोठ्यांची त्याला पेलायची नाही. चारुदत्तने क्षीणपणे विचारलं, की आपण लिहीत होतो, रेकॉर्डरची बटणं दाबत होतो, त्याचं काय. सोलो म्हणाला की बटणं त्याचा नातूही दाबतो. आणि लिहून झाल्यावर तयार काय होतं?

घरी पोचल्यावर चारुदत्तने सगळं सांगितलं, एकशे चाळीस पानांसकट. सुहासिनी आधी ओठ दाबून ऐकत होती, ‘सन्मानविधी’ला तिचा धीर सुटला. ती इतकी हसली की चष्मा काढून बाजूला ठेवावा लागला.

“म्हातारीने पहिल्या दिवशी ओळखलं,” ती म्हणाली. “मला सोळा वर्षं लागली.”

दोन दिवस चारुदत्त घराबाहेर पडला नाही. त्याला खरोखर लाज वाटत होती, हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने त्याला नको म्हटलं होतं, आणि आता कळत होतं की त्यानंतर ज्या एका जागी आपण विद्वान होतो तिथे आपण चांगलं बाळ होतो. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. मसुदा कपाटात टाकून तो तुंगाबीला गेला आणि सोलोची रात्रपाळीनंतरची झोप होईपर्यंत पायरीवर बसून राहिला. मग त्याच्यामार्फत म्हातारीला विचारलं, की चौदा महिन्यांत एकदा तरी सांगायचं नाही का.

मेलेवाला प्रश्नच कळला नाही. मोठं व्हायचं असलं की मूल स्वतः येऊन काम मागतं, ती म्हणाली. त्याने कधी मागितलं? तो यायचा आणि हात बांधून बसायचा. तिला वाटलं, बिचाऱ्याला घरी कोणी काही शिकवलेलं दिसत नाही. पण तो गुणी होता, हेही तिने आवर्जून सांगितलं. एवढ्या महिन्यांत एकदासुद्धा रडला नाही.

चारुदत्तने काम मागितलं.

सुहासिनीला ही संधी देवाने दिली होती आणि ती सोडणाऱ्यांतली ती नव्हती. गुरुवारी सकाळी तिने त्याच्या बॅगेत कॅसेटींशेजारी दीड किलो लसूण घातला. “भाषाशास्त्रासाठी,” ती म्हणाली. मग मेथी गेली, मग कोलंबी गेली, मग स्टेशनजवळच्या दुकानातले भिजवलेले वाल गेले डाळिंब्या करायला. मेलेवाच्या स्वयंपाकघरात बसून चारुदत्त सोलायचा, निवडायचा, आणि टेबलावर रेकॉर्डर फिरत असायचा. पहिल्या दिवशी तासाभरात लसणाच्या चार पाकळ्या झाल्या, त्यांतली एक त्याच्या रक्ताने लाल. पण म्हातारीचं बोलणं त्याच दिवशी बदललं. जोडशब्द कमी झाले. वाक्यात पाचवा शब्द आला. सहावा आला तेव्हा चारुदत्तने रेकॉर्डर फिरतोय ना ते वाकून पाहिलं. सोलोने सांगितलं, हे दहा वर्षांच्या मुलाचं बोलणं. खरं हवं असेल तर सुंभ वळावा लागेल.

नुकुवेहात सुंभ मांडीवर वळतात. काथ्याचे तंतू उघड्या मांडीवर ठेवायचे, तळव्याने पुढे रेटायचे, मग मागे, की पीळ बसतो. काथ्या सोलोने नर्सरीतून आणला, कुंड्यांना लावायचा. उघडी मांडी आणायचं काम चारुदत्तचं होतं. शाळा सुटल्यापासून त्याने हाफ पँट घातली नव्हती. सुहासिनीने पिवळ्या फुलांची एक चड्डी आणली, स्वस्तात मिळाली म्हणाली, आणि ती घालून तो स्टेशनवरून चालत गेला तेव्हा समोरून आलेल्या ओळखीच्या देसाई वकिलांनी रस्ता ओलांडला. काथ्याबरोबर मांडीवरचे केस वळले जायचे आणि मुळासकट यायचे. दोन आठवड्यांत त्याच्या उजव्या मांडीवर केस उरला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना लावली होती. त्याच्या सुंभाला मुळात पीळच बसेना.

परीक्षा अशी की एक हात लांब सुंभ करायचा, तो परसातल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधायचा आणि त्याला पाण्याची भरलेली बादली टांगायची. पहिला सुंभ बादली रिकामी असतानाच तुटला. पुढचे दहा भरल्यावर तुटले, आणि प्रत्येक वेळी बादली त्याच्या पायावर पडली. मेलेवा तुटलेला सुंभ उचलायची, नाकाशी धरून वास घ्यायची आणि चुलीशेजारच्या डब्यात टाकायची. त्या वासातून तिला काय कळायचं हे त्याला कधी समजलं नाही, पण अकराव्या सुंभाला तिने पहिल्यांदा मान डोलावली. तोही तुटला.

पंचवीस नोव्हेंबरला, समितीच्या तीन दिवस आधी, बारावा सुंभ टिकला. बादली लोंबत राहिली. पाणी संथ झालं. चारुदत्त तिच्याखाली दोन्ही हात पसरून उभा होता, कारण त्याचा विश्वास बसत नव्हता. म्हातारी ओट्यावर बसली, तिने आपला काथ्या घेतला, त्याला शेजारी बसायची खूण केली, तो वळायला लागल्यावर तोंड उघडलं, आणि जे वाक्य सुरू झालं ते संपेचना. ते वळत होतं, मागे जात होतं, मध्येच थांबून दुसरीकडून येत होतं. त्यात भूतकाळाचे तीन प्रकार होते. चारुदत्तच्या डोळ्यांत पाणी आलं. सोलोला संध्याकाळी टेप ऐकवली तेव्हा त्याचे कान लाल झाले. ते वाक्य त्याच्या बायकोविषयी होतं, ती भांडी कशी घासते याविषयी. भाषेत टोमणा होता. पुण्याला शोभेलसा होता.

समितीपुढे चारुदत्त पूर्ण पँट घालून गेला. सांगायचं काय हे त्याने शेवटच्या क्षणापर्यंत ठरवलं नव्हतं. मसुदा हातात होता, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि त्या खोलीतल्या कोणालाही नुकुवेही येत नव्हती. मग त्याने मसुदा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की ही एकशे चाळीस पानं बाळांशी बोलायच्या भाषेविषयी आहेत, आणि चौदा महिने ते बाळ मी होतो. खोलीत कोणी हसलं नाही, हसायचीही युनिव्हर्सिटीत परवानगी काढावी लागते. एका सदस्याने घसा साफ करून विचारलं, की मग मोठ्यांची भाषा किती झाली. चारुदत्तने खिशातून सुंभ काढून टेबलावर ठेवला. “एवढी,” तो म्हणाला.

डॉ. हार्टिगन बाईंनी तो सुंभ उचलून ताणून पाहिला. मग त्या म्हणाल्या, की बाळांशी बोलायची भाषा इतकी नीट टेपवर घेतलेली त्यांनी तरी पाहिली नाही, कारण कुठलाही शहाणा माणूस चौदा महिने बाळ होऊन बसत नाही. प्रबंधाचं नाव बदला, सिद्धांत काढून टाका, टेपा ठेवा, वर्षभरात या. सगळ्यांनी मान हलवली. चारुदत्तने घरी फोन केला आणि पहिल्यांदा खरं तेच सांगितलं, की थोडक्यात वाचलो.

उरलेले दहा दिवस तो रोज गेला. हात चालू होते आणि म्हातारी बोलत होती. पाण्याच्या वाटा, कुठल्या वाऱ्याला काय नाव, कोणाची कोण. एका सकाळी तिने नवऱ्याचं सांगितलं. तळ्याच्या तोंडाशी त्याची होडी उलटली तेव्हा ती किनाऱ्यावर याच सुंभाचं जाळं विणत बसली होती. चारुदत्तला निम्मंच कळलं, तरी त्याचे हात थांबले. ती गप्प झाली. त्याच्या मनगटाला बोट लावून तिने दाखवलं, की चालू ठेव. अवघड गोष्ट कोणी सांगत असलं की ऐकणाऱ्याने हात थांबवायचे नाहीत. थांबवले की सांगणाऱ्याला वाटतं, आपण भलतंच काही बोललो. त्याने पुन्हा वळायला घेतलं, आणि तिने शेवटपर्यंत सांगितलं.

सात डिसेंबरच्या रविवारी मेलेवा आणि सोलो पेंडल हिलला जेवायला आले. डाळिंबीची उसळ होती, चारुदत्तने स्वतः सोललेल्या डाळिंब्यांची, हे सुहासिनीने दोनदा सांगितलं. ईशानी आतून आली आणि बापाला म्हणाली, “बाबा, मंमं रेडी आहे का? नंतर आपण भुर्र जायचं ना?” अकरा वर्षांची मुलगी, बापाच्या खांद्याला लागलेली. घरात हे शब्द तसेच राहिले होते. ती चार वर्षांची असताना ते सिडनीला आले, तेव्हा तिचं मराठी जिथे होतं तिथेच थांबलं, बाकी सगळं इंग्रजीत वाढलं. आईबापांना ते गोड वाटायचं. दर रविवारी दहा ते अकरा चारुदत्त तिला मराठीचं पुस्तक शिकवायचा, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि ती घडी घालून घड्याळाकडे बघत बसायची.

मेलेवाला मराठीचा गंध नव्हता. पण तो सूर, ते जोडीचे आवाज, हे तिला जन्मभराचे ठाऊक होते. तिने घास खाली ठेवला, मुलीकडे पाहिलं, मग चारुदत्तकडे, आणि मोठ्यांच्या भाषेत, संथपणे, म्हणजे त्याला समजावं म्हणून, विचारलं, “एवढ्या मोठ्या मुलीशी तू लहानांचं बोलतोस. हिला हात नाहीत का?”

सोलोला वाटलं त्याला कळलं नसेल, म्हणून तो इंग्रजीत सांगायला लागला. चारुदत्तने त्याला हाताने थांबवलं. त्याला कळलं होतं.

नऊ तारखेला विमानतळावर म्हातारीने त्याला आपला सुंभ दिला, त्याचा घेतला, आणि निघताना त्याचं तोंड पुसलं नाही.

पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला ईशानी पुस्तक घेऊन आली आणि घडी घालून बसली. टेबलावर पातेलं होतं, कोमट पाण्यात मोड आलेले वाल. चारुदत्तने पुस्तक उचलून फ्रिजवर ठेवलं आणि म्हणाला, सोल. तिने हे काय म्हणून इंग्रजीत विचारलं, त्याने एक वाल दाबून डाळिंबी बाहेर काढून दाखवली. तिची पहिली छताला लागली. दुसरी त्याच्या चष्म्याला. शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, असं त्याने स्वतःला बजावलं होतं, आणि उपासाच्या दिवशी स्वयंपाकघरात बसावं तसं ते त्याला जड जात होतं. ईशानी शाळेतलं काहीबाही इंग्रजीत सांगत होती. तिचे हात चालूच होते आणि डोळे पातेल्यात होते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुझं ऑफिस भुर्र नव्हतं गेलं. तुला काढलं होतं ना?”

चारुदत्तचे हात थांबायला आले. त्याने ते थांबू दिले नाहीत. एक वाल सोलला, दुसरा सोलला.

“हो,” तो म्हणाला. “काढलं होतं.”

“तू गराजमध्ये रडत होतास. मी खिडकीतून बघितलं. मी आईला नाही सांगितलं.”

त्या वाक्यांत एखादी चूक होती का, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. साडेतीन वर्षं हे तिने एकटीने सांभाळलं होतं आणि सांगायला तिच्याकडे भाषा नव्हती, कारण ती त्याने दिली नव्हती.

“मला फार भीती वाटली होती,” तो म्हणाला. “वाटलं, आता आपल्याला कोणी विचारणार नाही.”

एवढं मोठं वाक्य तो मुलीशी मराठीत पहिल्यांदाच बोलत होता. ईशानीने ते ऐकून घेतलं, हात न थांबवता. मग तिने त्याच्यापुढचा वालांचा ढीग पाहिला, आपला पाहिला, आणि त्याच्यातल्या दोन मुठी उचलून आपल्याकडे घेतल्या.

“तू फार हळू करतोस,” ती म्हणाली. “बोल पुढे.”